हँडलमधली थरथर

५ ऑक्टोबर २०२५, रविवार
आज नवी मोटरसायकल खरी पळवली! दसऱ्याला नुसता झेंडूचा हार घालून उभी केली होती. आज कैनाडवरून तलासरी, तिथून हायवेने थेट अच्छाड. साडेचारशे सीसी, दोन सिलिंडर, वजन जेमतेम पावणेदोनशे किलो — स्टँडवरून काढताना सायकलच वाटते. वळणावर नुसतं मान वळवून बघितलं की गाडी तिकडे निघते. तिसऱ्या गिअरला पीळ दिला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी मी एकटाच हेल्मेटमध्ये हसत होतो. अठ्ठावीस वर्षं रेल्वेत, सिग्नल खात्यात, दुसऱ्यांच्या गाड्यांची काळजी वाहिली. ही माझी.
संध्याकाळी नीलमला मागे बसवलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, बोलायचं सोडते थोडीच — "ही सीट आहे की देवघरातला पाट?"

८ ऑक्टोबर
ड्युटी. गाडी फक्त पुसली.

१२ ऑक्टोबर, रविवार
एक खोट सापडली. पाच हजार आरपीएमच्या पुढे हँडलला बारीक थरथर. उजव्या हातात. ढाब्यावर थांबलो तरी बोटांत उरलेली, चहा बशीत सांडला. दोन सिलिंडरच्या इंजिनाला एवढं असतंच, असं म्हणतात. असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार
जाड हातमोजे घेतले. ग्रिप बदलल्या. हँडलच्या टोकांना जड वजनं बसवली. फरक शून्य! नीलमला विचारलं, तर म्हणे, "मला काहीच लागत नाही हो. उलट झोप येते." मी तिच्यावर उगाच खेकसलो. भीती एवढीच, की हे गेलं नाही तर गाडी विकावी लागेल. दुसरी घ्यायची उमेद आता माझ्यात नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
अच्छाडला मुकेशकडे नेली. तसा तो ट्रकवाल्यांचा मिस्त्री, पण त्याचा कान पक्का आहे. इंजिन चालू ठेवून टाकीवर कटिंगचा ग्लास ठेवला आणि सहा हजारपर्यंत रेस दिली. चहा नावापुरता हलला. मग स्वतः तलासरीपर्यंत चक्कर मारून आला.
"मख्खन आहे, साहेब. डाव्या हाताला लागते काय?"
नाही, म्हटलं.
"तर मग इंजिन एकाच बाजूला कसं थरथरेल?"
थ्रॉटलमध्ये काही असेल, मी म्हणालो. तो माझ्या हाताकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बराबर कधीपासून चालू झालं, ती तारीख सांगा. तोपर्यंत गाडी इथे राहू द्या."
एसटीने परत आलो. सबंध रस्ता करमलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
तारीख शोधायला ही वही मागून चाळली. कोरी वही, रेघा नाहीत. जानेवारीत माझ्या एका ओळीत सात शब्द. मेमध्ये दहा. एक ऑक्टोबरला, गाडी यायच्या आदल्या दिवशी, तेरा. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं; म्हणजे हात गाडीच्या आधीपासूनच बिघडतोय. आठवडाभर गाडी अच्छाडला आहे, आणि मांडीवर ठेवलेला उजवा हात आताही थरथरतोय. मुकेशला फोन करून सांगितलं, गाडीत काही नाही. फार भीती वाटते. नीलम आत भाकरी थापतेय. तिला हाक मारतो.