ब्राँझमध्ये मी सोडून सगळे

ती. ताईंना,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यापासून तुम्ही फक्त उतरता, असं साडूभाऊंकडून कळलं. (चढल्याशिवाय उतरता कशा, हे विचारायची त्यांची हिंमत नाही, माझी तर नाहीच.) इकडे सगळे खुशाल. म्हणजे तुमची बहीण खुशाल आहे, आणि मी आहे.

पत्राला तसं कारण काही नाही. तिचं मूर्तिकाम जोरात आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, ती आधी मेणाची मूर्ती करते, तिच्यावर मातीचा साचा चढतो, ओतारी तो भाजतो, मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततात. ऐकायला किती सोपं! पण मेण मऊ करायला जे पातेलं लागतं ते दुधाचं असतं, हे कलेच्या पुस्तकांत कुणी लिहीत नाही. परवा पाहुण्यांना मी स्वतः चहा करून दिला, तर गार होताच त्यावर अशी साय धरली की चमचा उभा राहिला. पाहुणे भले, "दूध घट्ट दिसतंय," एवढंच म्हणाले आणि कप तसाच ठेवून उठले.

बाहेरच्या खोलीतल्या फळीवर आता सगळं गणगोत वीतभर उंचीचं होऊन बसलंय. तुमच्या आई मटार सोलतायत. तुम्ही कमरेवर हात ठेवून कुणाला तरी झापताय (बहुधा मलाच). खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीनवर वाकलाय. मांजरसुद्धा आहे, जिनं सोफा फाडण्यापलीकडे आयुष्यात काही केलं नाही. मी तेवढा नाही. वीस वर्षं मी पेट्या उचलतोय, ओताऱ्याकडे खेपा घालतोय, मूर्ती पुसतोय (एकदा तर इतकं मन लावून घासल्या की तिनं आणलेला काळसर रंगच निघून गेला, आणि मग दोन दिवस माझा रंग उतरला होता). मला त्याचं काही नाही. सहज सांगतोय.

तरी मी प्रयत्नांत कसूर केली नाही. ती काम करत असताना खिडकीशी हनुवटीला हात लावून विचारमग्न बसून पाहिलं. "उजेड अडतोय, सरका," म्हणाली. मिशी काढली. आठवड्यानं तिनं विचारलं, "चष्मा बदललात का?"

मग आलं प्रदर्शन. कोटातल्या एका गृहस्थांनी चारचौघांत विचारलं, "यांत तुम्ही कोणते?" आता मी नाहीच, असं कोणत्या तोंडानं सांगणार? बोट आपसूक शिंप्याकडे गेलं. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "मान हुबेहूब!" म्हणाले, आणि कोट उतरवून माझ्या हातात दिला. बटण लोंबत होतं. ताई, करतो काय! सुईदोरा मागून आणला आणि जन्मात पहिल्यांदा बटण लावलं. बटणाबरोबर अस्तर शिवलं गेलं, आणि अस्तराबरोबर माझ्या शर्टाची बाही. गृहस्थ कोट घेऊन निघाले तेव्हा मीही निघालो. तुमची बहीण समोरून बघत होती. हसली असती तर चाललं असतं. ती मान कलती करून नुसती बघत राहिली. मला वाटलं, सुचलं वाटतं! दुसऱ्याच दिवशी तिनं नवी मूर्ती करायला घेतली. गेल्या महिन्यात निवृत्त होऊन गावी गेलेल्या पोस्टमनची.

असो. साडूभाऊंना नमस्कार, गुडघ्यांना जपा.

आपला नम्र,
बहिणीचा नवरा

ता. क. तिला फोनवर सहज विचाराल का, माझी मूर्ती कधी करणार ते? मी सांगितलंय असं मात्र कळू देऊ नका. हल्ली मी डाव्या बाजूनं बरा दिसतो.

ता. क. २ : पोस्ट तिच्या वाटेवर आहे, म्हणून पत्र तिच्याकडेच देतोय. काळजी नको, पाकीट बंद आहे.

ता. क. ३ : ताई, हे अक्षर माझं. पाकीट ह्यांनी मेणानं बंद केलं होतं. माझ्यापासून लपवायला, मेणानं!

तू फोन करू नकोस. आईची मूर्ती मी ती गेल्यावर केली. तुझी, तू एवढ्या लांब राहायला गेलीस त्या वर्षी. शिंपी दुकान बंद करून लेकीकडे गेला, मांजर परत आलीच नाही. समोर नाहीत म्हणून करावी लागली गं. ह्यांची कशी करू? माझे हातच वळत नाहीत. आत्ता बाहेरून तिसऱ्यांदा विचारतायत, "टाकलंस का पत्र?" जन्मभर असंच विचारत राहू देत, एवढंच मला हवंय.