झटपट स्वयंपाक आणि अप्पांची भूक

१० फेब्रुवारी २००२, रविवार
शिवलीला सकाळच्या एस.टी.नं माहेरी, गडहिंग्लजला गेली. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ती येईपर्यंत घरात मी आणि अप्पा. इतकी वर्षं ऑफिसात स्टोअर्स सांभाळतोय. स्वयंपाक म्हणजे शेवटी प्लॅनिंग, आणि बायका पसाराच फार करतात. पेपरातल्या किचन टिप्स मी नेमानं वाचतो. उद्यापासून जेवण अर्ध्या तासात तयार, असं अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ बाबा."

११ फेब्रुवारी, सोमवार
एकाच कुकरात डाळ, भात, बटाटे. गॅसची बचत. टिप उत्तम. फक्त प्रत्येक डब्यात वेगवेगळं ठेवायचं असतं, हे पेपरात स्पष्ट छापलं नव्हतं. तिन्हींचं एक झालं. पौष्टिक खिचडी म्हणून वाढलं. अप्पा दोन घासांत पोट भरलं म्हणाले. पौष्टिक अन्न कमीच लागतं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
आमटी खारट. कच्चा बटाटा टाकला की तो मीठ ओढून घेतो. टाकला. त्यानं फारसं मनावर घेतलं नाही. मग पाणी घातलं. पातळ झाली म्हणून बेसन. अळणी लागली म्हणून मीठ. अप्पांनी ताटात बोट फिरवून विचारलं, "शिवा, ह्ये प्यायचं का खायाचं?" मी म्हटलं, दोन्ही चालेल. ते जरा फिरून येतो म्हणून चप्पल घालून गेले. या वयात चालणं चांगलंच.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
भाकरी प्लास्टिकच्या कागदावर थापली की चिकटत नाही. खरंच चिकटली नाही. कागद तव्याला चिकटला. धूर बघून शेजारच्या लालबी आल्या. प्रयोग चालू आहे, असं मी सांगितलं. वहिनी कधी येणार, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. त्यांना रेसिपी हवी असेल, पण मला थेट विचारायला संकोच वाटला असावा.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
अप्पा आता रोज दुपारी फिरायला जातात. येतात तेव्हा चेहरा टवटवीत. घरी जेवण नावापुरतं, तरी तब्येत उत्तम. शिवलीलाला फोन करून सांगितलं, तुझ्या स्वयंपाकात तेल जास्त होतं. ती काही बोललीच नाही. भारावली असावी.

१६ फेब्रुवारी, शनिवार
आज झटपट काही नाही. भरली वांगी. आई करायची तशी. ती गेल्यापासून तशी वांगी मिळाली नाहीत, असं अप्पा अधूनमधून म्हणतात. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात ठेवली की काळी पडत नाहीत, म्हणून ठेवली आणि अंघोळीला गेलो. मसाल्यात मीठ वेगळं घातलंच होतं. काळी अजिबात पडली नाहीत, फक्त मीठ जरा पुढं गेलं आणि आतून कच्ची राहिली. अप्पांनी एक अख्खं वांगं संपवलं. तांब्याभर पाणी प्याले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या आईनं बघाया पायजे हुतं." दिवस सार्थकी लागला.

१७ फेब्रुवारी, रविवार
अप्पा पिशवी भरून गडहिंग्लजला गेले. विहीणबाईंचे डोळे बघून येतो म्हणाले. एरवी सुनेच्या माहेरी चहासुद्धा उभ्यानं घेणारा माणूस. परत कधी, विचारलं तर म्हणाले, "सूनबाईसंगंच यीन की."

१८ फेब्रुवारी, सोमवार
एकट्यासाठी काय करायचं. कोपऱ्यावरच्या बनाबाईंच्या खानावळीत गेलो. निव्वळ निरीक्षणासाठी. बसतोय तोवर त्या म्हणाल्या, "तुमी नागाप्पांचं ल्येक न्हवं? अप्पा कालपास्नं दिसंनात. आजारी न्हाईत न्हवं? आठवडाभर रोज दुपारी जेवाया येत हुतं."

भाकरी वाढताना त्याच पुढं म्हणाल्या, "पोरगं लई कष्टानं करतंय, त्येला सांगू नगा म्हनायचं. मी बी बगा, सांगून बसलो."

झुणका चांगला होता. दुसरी भाकरी घेतली, मग तिसरी. निघताना डबा कधी मिळतो ते विचारून ठेवलं. फक्त माहितीसाठी. उद्यापासूनचा सांगितला.