आईची गाठ

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अकरा वर्षांनी लिहितोय, त्यामुळे अक्षर पाहून दचकशील. आई कुणाकडे राहणार यावरून आपण बोलू नये ते बोललो आणि मग बोलणंच संपलं. गेल्या महिन्यात आई गेली तेव्हाही तू आलीस, तिच्या उशाशी बसलीस आणि माझ्याशी चकार शब्द न बोलता परत गेलीस. मीही ताठ्यातच होतो.

आज तिचं कपाट आवरलं. एक्क्याण्णव वर्षांचं आयुष्य दोन पिशव्यांत मावलं. बायंडिंगच्या कारखान्यातली तिची पट्टी सापडली. तीस वर्षं त्या पट्टीने छापील पानं दुमडून तिने आपल्याला शिकवलं.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. माझ्या दर वाढदिवसाला तू हाताने शिवलेली वही पाठवायचीस. आई गुपचूप हातात द्यायची, म्हणायची, ताईने पाठवलीय, पण मी सांगितलं म्हणू नकोस, चिडेल. अकरा वह्या झाल्या गं. एकदाही आभार मानले नाहीत, ते आज मानतो. राग सोड.

तुझा,
धाकटा

ता. ११ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

हसावं की रडावं कळेना. अरे, मी तुला एकही वही पाठवलेली नाही! मला साधं बटण लावता येत नाही, वह्या कसली शिवते?

उलट दर थंडीत तुझ्याकडून मला पार्सल यायचं. लोकरीचे मोजे, एकदा मफलर. सोबत आईची चिठ्ठी असायची: धाकट्याने स्वतः आणलेत, स्वतः बांधलेत, त्याला कळू देऊ नकोस. पहिल्याच पार्सलाची दोरी पाहिली आणि ओळखलं. कारखान्यात आई पुस्तकांच्या गठ्ठ्याला मारायची तीच सपाट गाठ, टोकं आत खोचलेली. आणि तू! दहावीपर्यंत तुझ्या बुटांच्या नाड्या मी बांधल्यात.

तरी मी उत्तरात लिहायचे, धाकट्याला सांग, मोजे अगदी मापाचे झाले. आईला बरं वाटावं म्हणून नव्हे. ते तुझेच असावेत असं मलाच फार वाटायचं.

आपल्या दोघांचं काम ती म्हातारी एकटी करत राहिली. नव्वदाव्या वर्षी, तुझा डोळा चुकवून, काठी टेकत पोस्टात जायची. मला ठाऊक असून मी तिला जाऊ दिलं, याची फार लाज वाटते. आता कोण बांधणार पार्सल?

वहिनीला आशीर्वाद. कळावे,
तुझी ताई

ता. २ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

काल पोस्टमन दारात हसतच उभा होता. एका हातात लोंबणारी दोरी, दुसऱ्यात फाटका कागद आणि एकच मोजा. जोडीदार वाटेत कुठेतरी पडला म्हणाला. वर मला ऐकवलं, बाई, हे ज्यांनी बांधलं त्यांना गाठ मारायला शिकवा जरा.

मी पाठवणाऱ्याचं नाव बघितलंसुद्धा नाही. ते सुटलेलं पार्सल तिथेच उंबऱ्यात छातीशी धरलं आणि पोस्टमनसमोर रडले. बिचारा घाबरला, हरवलेला मोजा शोधून देतो म्हणाला. तो एक मोजा घालून मी दिवसभर घरात फिरले.

शनिवारी येतेय. चांगली चार दिवस राहीन, वहिनीला सांगून ठेव. आईची ती गाठ मला येते. पण तुला शिकवणार नाही.

लोभ होताच, तो आता लपवू नये,
तुझी ताई