ओट्यावरच्या तिघी

प्रिय बाबा,

उद्या सकाळी वर्ग घ्यायचा आहे, आन् मले आत्तापासूनच भेव वाटून राह्यलं. तुमाले देवाघरी जाऊन सहा महिने झाले, तरी भेव वाटलं की तुमालेच हाक मारते. दुसऱ्या कोणाले लिहू?

इंग्रज गेला आन् बुलढाण्याच्या मास्तरणींच्या ट्रेनिंगात नवाच पाठ आला, 'आपण जगाचे नागरिक'. माह्या नमुना पाठाले साऱ्या जणी मागं वह्या घेऊन चुका टिपत बसल्या होत्या. एकीलेही चूक सापडली नाही! "मास्तरची पोर शोभते खरी," गुरुजी म्हणाले. काय फुशारली मी!

काल इथं डोणगावच्या माह्या शाळेत तोच पाठ घेतला. नकाशा टांगला, "सारं जग एक घर" म्हटलं. शिवाशिव नको म्हणून गावाबाहेरच्या तिघी पोरी ओट्यावर बसतात. त्यांच्या पाट्या मी लांबूनच पाहते. त्यातली सखू उठली.

"बाई, त्या घरात आमी कुठीसा बसाचं?"

मी नकाशा गुंडाळला, बाबा. शाळा लवकर सोडून दिली.

बीबी गावच्या शाळेत तुमी नकाशा दारात नेऊन ओट्यावरच्या पोरांले दाखवायचे. मले वाटे, किती मायाळू बाप माहा! नकाशा बाहेर नेला, त पोरं काऊन आत नाही घेतले? गावाचं भेव होतं नं? मंग मले सांगायचं होतं! मी तुमाले निडर समजत राह्यली.

घरमालकीण काकूजवळ मी बोलून बसली, उद्या तिघींले आत घेते. काकूचं तोंडच उतरलं. "तसं करशील त बिऱ्हाड उचलून ने वं माय." आज पाटलाचाही निरोप आला, "बाकीच्या पोरी येणार नाही. मंग शिकवजा भित्तीले!" कुठी जाऊ मी, बाबा? नोकरी गेली त आईले काय तोंड दाखवू?

तुमचा लय राग येते. आन् राग आला की रडू फुटते, कारण तुमीही हेच भेव असंच एकट्यानं सोसलं असंल, आन् मी शेजारी बसून मजेत पाढे म्हणत होती.

वचन देते. उद्या वर्ग रिकामा राह्यला तरी तिघींले आत, पहिल्या रांगेत बसवीन. भेव जाईल असं नाही म्हणत. भेतभेतच बसवीन.

तुमचीच भित्री,
यमुना