चढत नाही ती कमान

सोमवार, ३ मार्च

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. मी ठीक, तूही असशील. ओळी तिरक्या गेल्यात, त्यावर बोलू नकोस.

परवा आमच्या सौर वेधशाळेच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला आम्हा निवृत्तांना बोलावलं होतं. माहिती देणारी पोरगी सूर्यावरच्या स्फोटाची चित्रफीत दाखवत म्हणाली, "स्फोटानंतर ही कमान हळूहळू वर चढते."

मी उठून उभीच राहिले. "अगं, चढत नाही ती!"

संचालक हसले. "बाई, लोकांना सोपं करून सांगावं लागतं."

"सोपं सांगा की. चुकीचं कशाला?"

जन्म गेला माझा त्या कमानी बघण्यात. स्फोटात चुंबकी रेषा ताणल्या जाऊन उघड्या पडतात. मग समोरासमोरच्या रेषा एकमेकींना जुळतात आणि कमान होते, रसरशीत तापलेली. ती निवत जाते, तोवर तिच्यावर दुसरी जुळलेली असते, त्यावर तिसरी. लांबून बघणाऱ्याला वाटतं, एकच चढतेय. प्रत्येक नवी असते. घरी आले तेव्हा वाटलं, कोणासाठी भांडले? थकले गं.

आणि तू लिहितेस, "झालं गेलं विसरू, पहिल्यासारख्या राहू." मला न विचारता आईला वृद्धाश्रमात ठेवलंस, दोघींनी तोंडं सोडली, ती गेली तरी आपण बोललो नाही. पहिल्यासारखं काय राहणार, कप्पाळ?

खरं सांगू? ती चित्रफीत मला दिसलीच नाही. पाठ होतं म्हणून बोलले. उजव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलंय; जिथे बघावं तिथेच डाग. डाव्याने आधीच कमी दिसतं. पुढच्या शुक्रवारी, १४ तारखेला शस्त्रक्रिया. नंतर आठवडाभर मान खाली घालून राहायचं म्हणे. मी! कोणापुढे घातली होती आजवर?

डॉक्टर म्हणाले, "घरचं कोणीतरी सोबत हवंच." मी म्हटलं, आहे.

आहे ना?

विसरायची अट नको घालूस. आपण भांडू, मग चहा कर. चहा आता मला नीट ओतता येत नाही.

आदल्या दिवशी, गुरुवारपर्यंत ये. दारात आलीस की आधी आवाज दे. चेहरा दिसेलच असं नाही.

अजून रागावलेली,
तुझी ताई