भूर्जाच्या मुळाशी पुरलेलं इंधन

विल्न्यूस,
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप दांगुओलेताईच्या चरणी धाकट्या वायदोतासचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली म्हणजे तो बोलू लागला असेल. गाईचं दूध आटलं नसावं. मी ठीक आहे. शाळेत लॅटिन शिकवतो, आणि सुटीच्या दिवशी आपल्या रक्षणाला आलेल्या परदेशी सैन्याच्या तळावर दुभाष्या म्हणून जातो. म्हणजे दोन्हीकडे न समजणाऱ्यांना समजावण्याचंच काम.

तू विचारलं होतंस, 'तास मोजून सांग. सरहद्दीवरून कोणी चालून आलं, तर तुझे ते तळावरचे पाहुणे माझ्या फाटकाशी किती वेळात पोहोचतील? तासाभरात येणार असतील तर मी इथंच राहीन, इथंच मरेन. नाही तर गाय विकते आणि पोराच्या, तौत्विदासच्या, कौनस शहरातल्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसते.' प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधे सैन्याचा सराव झाला. तोही (देवाची लीला) तळापासून थेट तुझ्या आल्क्सनीनाय गावापर्यंत. अंतर चाळीस किलोमीटर, कागदावरचा वेळ पंचावन्न मिनिटं.

सरावाचा नियम असा होता की इंधनाचे टँकर शत्रूनं उडवले असं समजायचं. आपल्या स्वयंसेवकांनी आदल्या दिवशी वाटेवर पिंपं लपवून ठेवायची, आणि त्यांतलं इंधन भरून घेतल्याशिवाय सरावाच्या पंचांनी कोणालाही पुढं सोडायचं नाही. लपवण्याचं काम सार्जंट रिमगाउदासकडे होतं. ताई, लपवणं ही आपल्या लोकांची विद्या आहे. बाकीचे देश संचलन शिकले, आपण जंगल शिकलो. रिमगाउदासनं पिंपं अशी पुरली की मोडक्या पुलाशी आम्ही चौदा गाड्या घेऊन उभे राहिलो, आणि पाचोळ्याचं एक पानसुद्धा आपल्या जागेवरून हललेलं दिसेना.

जर्मन मेजर डेटलेफनं अदबीनं नकाशा मागितला. रिमगाउदास म्हणाला, "नकाशा काढला असता तर लपवलं कशाला?" मग जागा तोंडी सांगावी, असं ठरलं. तो म्हणाला, सांगतो, पण एकाच माणसाला आणि कानात. डेटलेफ म्हणाला, कानातलं मला चालत नाही. लेखी हवं, सहीनिशी. तेवढ्यात डच कॅप्टन फोप्पे कॉफी घेऊन आला आणि म्हणाला, "एकाच्या कानात का? माझी पोरं खोदणार आहेत, त्यांनाही ऐकू दे की. त्यांना पटलं पाहिजे." (त्याची पोरं त्याला नावानं हाक मारतात. त्यातल्या एकानं तर 'तुझी ही कल्पना बावळट आहे' असं त्याला तोंडावर सांगितलं, आणि हा चक्क विचारात पडला.)

एकाला कान हवा, दुसऱ्याला कागद, तिसऱ्याला सभा. आम्ही चार तास उभे होतो.

तुला हसू येईल. मलाही येत होतं, पण पुरतं आलं नाही. वाट पाहता पाहता तिघंही माझ्याशी बोलले, एकेकटे. परक्या राजवटीशी जंगलात लपून लढणाऱ्या रिमगाउदासच्या आजोबांचे सात सोबती खंदकात मारले गेले, कारण कोणीतरी वहीत नावं लिहिली होती. महायुद्धात लढलेला डेटलेफचा आजोबा म्हातारपणी एकच वाक्य घोकायचा, 'मला तसं सांगितलं होतं'. कोणी सांगितलं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. फोप्पेचा पहिला अधिकारी एकदा चुकत होता, तेव्हा तीस माणसं गप्प बसली. त्यातली दोन परत आली नाहीत. हट्ट म्हणून पाहिलं तर तिघंही मूर्ख दिसतात. जखम म्हणून पाहिलं तर कोणाला काय बोलणार?

अखेर मी पुढं झालो. कॉलेजात शिकलेलं माझं संस्कृत तुला आठवत असेल. 'या भाषेवर एक बटाटा तरी उकडेल का?' असं तू विचारायचीस. मी रिमगाउदासपुढं कान केला, त्यानं जागा सांगितली, आणि मी गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं:

भग्नसेतोरुदीच्यां तु त्रिंशत्पादमिते वने ।
भूर्जमूले निगूढोऽस्ति तैलकोशः शनैः खन ॥

(मोडक्या पुलाच्या उत्तरेला, रानात तीस पावलांवर, भूर्जाच्या मुळाशी तेलाचा साठा दडला आहे, हळू खण.) खाली सही केली. मग सगळ्यांसमोर उभा राहून दोनदा खड्या आवाजात म्हटलं. डेटलेफला लेखी मिळालं. त्यानं शिक्का मारला, अर्थ विचारला नाही. फोप्पेच्या पोरांनी सगळं ऐकलं. एकानं 'चाल छान आहे' असा शेरा दिला. आणि रिमगाउदासचं गुपित शाबूत राहिलं. तो माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "मास्तर, हे तुमच्याशिवाय अजून किती जणांना कळतं?" मी म्हणालो, पुलाच्या या बाजूला कोणालाच नाही. तो पहिल्यांदाच हसला. मग मी भूर्ज दाखवला आणि तिन्ही देशांनी मिळून खणलं. साठा रानात आडोशाला लावलेल्या डेटलेफच्याच गाडीखाली निघाला.

तेव्हा काळजी नसावी. माणसं चांगली आहेत, आणि हळूहळू एकमेकांना ओळखू लागली आहेत. तौत्विदासला आशीर्वाद.

तुझा,
वायदोतास

ता. क. अहवालात पंचावन्न मिनिटं असंच लिहिलं आहे. मधल्या चार तासांना 'स्थानिक समन्वय' असं नाव आहे. सोबत प्रत जोडली आहे, तौत्विदासला तीच दाखव.

आणखी एक ता. क. काल मी तिघांनाही वेगवेगळं गाठून तुझा प्रश्न विचारला: खरं सांगा, किती वेळ? या लोकांचं इतक्या दिवसांत कशावरही एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं, यावर झालं. तिघंही म्हणाले, येऊ, नक्की येऊ, पण पहिला तास तिथल्या माणसांनाच काढावा लागेल.

म्हणून विनंती एवढीच की वरची खोली झाडून ठेव. शाळेतल्या नोकरीचा मी राजीनामा दिला आहे. गुरुवारच्या बसनं येतो, राहायलाच. बंदूक मला धड धरता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण ज्यांना मुळीच ऐकायचं नाही अशांना समोर बसवून बोलत राहायचं, हे मी सव्वीस वर्षं केलं आहे. शाळेतल्या एका तासाएवढी पंचेचाळीस मिनिटं मी सहज काढीन. उरलेली पंधरा तू बघ.