तिकडचा पाऊस

आप्पा, तिकडे पाऊस लागलाय ना? लागणारच. मीच पाडतेय.

हे तुम्हीच शिकवलंत मला. आपल्या गावच्या महामहम तळ्याच्या पायरीवर बसून पाण्यात उलटे दिसणारे मंडप दाखवायचात आणि म्हणायचात, "मेलेल्यांचं गाव अस्संच, आपल्याखाली उलटं. हीच गल्ली, हेच घर. फक्त तिकडे ढग नाहीत. आपण इकडे तीळ-पाणी सोडलं, की ज्याच्या नावाने सोडलं त्याच्या डोक्यावर तेवढा पाऊस." मग माझ्याकडे बघून उसासा टाकायचात, "मुलीचं पाणी पोचत नाही म्हणतात. माझ्या नशिबी कोरडंच." एकुलत्या एका लेकीच्या तोंडावर!

दिवाळीच्या सुमाराचा तो आपल्या तमिळ मुलखातला धो-धो पाऊस, भर दुपार. आई तिरुभुवनम्‌हून बसने येते. तिथे ती विणकरांकडे रेशमाचं सूत गुंडाळायला जाते, आणि तुम्हाला ते खपत नाही. भजनात झांजा धरणारे तुम्ही, चार माणसांत मान खाली जाते म्हणे. तुम्ही आतून कडी लावता. आपल्या घराला ओटासुद्धा नाही, दार थेट गल्लीत. खिडकीशी जाऊन तुम्ही अगदी मऊ आवाजात तिला म्हणता, "पाऊस थांबला की ये." मराठीत. लोकांत तमिळ आणि अपमान तेवढा मराठीत, हाच आपल्या घरचा शिरस्ता. समोरच्या तमिळ मामींना एक अक्षर कळलं नाही. छत्रीखालून हसून त्या आईला म्हणाल्या, "बघ गं, किती प्रेमाने बोलावतायत!" आईही हसली. मामींकडे आडोशाला गेली असती तर घरातलं बाहेर कळलं असतं, म्हणून तिथेच उभी राहिली. मी कडीकडे हात नेला तर तुम्ही माझं मनगट धरलंत. पाऊस अंधार पडेपर्यंत थांबला नाही. रात्री तिला ताप भरला, त्यातून ती उठलीच नाही, आणि तुम्ही गावभर सांगत हिंडलात, बिचारीला पाऊस बाधला. पाऊस बाधला! वा रे वा!

आता आडी महिन्यातल्या अमावास्येला, पितरांच्या दिवशी, मी कावेरीवर जाते. आमचे वाध्यार, म्हणजे भटजी हो, मुलींनाही पाणी सोडू देतात. आईच्या नावाने मी एक थेंब सोडत नाही. पुरे भिजली ती. सगळं तुमच्या नावाने. वाध्यार म्हणतात, "पुरे अम्मा, झालं." मी ऐकत नाही. ओंजळीमागून ओंजळ सोडते आणि दर ओंजळीला तुमच्यासारखाच मऊ आवाज काढून मराठीत म्हणते, "भिजा, आप्पा." त्यांना वाटतं, आमच्या घराण्याचा काही मंत्र असावा. यंदा तर घाटावरच्या लोकांना सांगत होते, वडिलांवर माया करावी तर या बाईसारखी. मला इतकं हसू फुटलं की हातातले तीळ सांडले. लोकांना वाटलं, रडतेय. एकीने पाठीवरून हात फिरवला.

कागद जाळला की तिकडे पोचतो म्हणे. हे पत्र नाही जाळणार. तुम्हाला उगाच तेवढीच ऊब मिळायची.

फक्त एक गोष्ट मनात डाचते, ती कुणाला सांगितलेली नाही. तिकडे सगळं उलटं असेल, तर आई घरात आहे, कडी तिच्या हातात आहे आणि गल्लीत तुम्ही. इथवर झकास. पण मी तिला ओळखते ना. पहिली सर आल्याबरोबर तिने दार उघडलं असेल. कोरडं धोतर काढून दिलं असेल, वर कॉफी टाकली असेल, आणि तुम्ही ती फुंकर घालत पीत असाल. तसं असेल तर आप्पा, मी तिच्यावरही तुमच्याइतकीच चिडलेय.